वीज पडली ती सुधीरच्या रिसिव्हरवर

न्यूझीलंडच्या हॅमिल्टनमध्ये, आमच्या रोटोटुना भागातल्या मराठी घरांत एखादी वस्तू बिघडली की ती एकट्या मालकाची राहत नाही. तिच्याबद्दल प्रत्येकाला मत असतं, आणि दर पॉटलकला किस्सा थोडा वाढतो. सुधीरचा होम थिएटर रिसिव्हर चालू होता तोवर त्याची कुणी दखल घेतली नव्हती. मेल्यावर मात्र त्याचं नाव घेतल्याशिवाय आमचं जेवण होईना.

सुधीर आमच्यातला इलेक्ट्रिकल इंजिनिअर. वडील गेल्यावर त्याने आईला मिरजेहून कायमचं इकडे आणलं. त्या आम्हा सगळ्यांच्या काकू. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे एकटक बघत ऐकतात, त्यामुळे सांगणाऱ्याला भलताच चेव येतो. सुधीर आणि त्याची बायको वैदेही दिवसभर कामावर, मुलगी शाळेत. काकूंना सोबत मराठी नाटकांच्या व्हीसीडींची. टीव्हीचा स्वतःचा आवाज त्यांना चालायचा नाही. रिसिव्हर आणि त्याचे पाचही स्पीकर हवेत, तेही शेजारच्या गोऱ्या आजोबांना नाटक पाठ होईल एवढ्या आवाजात. "थिएटरात बसल्यासारखं वाटतं," म्हणायच्या. आईचं इथे मन रमलंय, या एका गोष्टीवर सुधीर निवांत होता.

*

त्या रविवारी दुपारी विजा चमकायला लागल्या. काकू उठून प्लग काढायला निघाल्या. सुधीर हसत समोर आडवा आला.

"आई, हे न्यूझीलंड आहे. इथलं अर्थिंग चोख असतं. मी त्यातलाच माणूस आहे ना."

काकू बसल्या. थोड्याच वेळात समोरच्या रस्त्यावर वीज पडली. टीव्ही वाचला, फ्रिज वाचला, रिसिव्हरमधून धूर निघाला.

काकू एवढंच म्हणाल्या, "त्यातलाच माणूस."

*

शनिवारी आम्ही चार इंजिनिअर स्क्रूड्रायव्हर घेऊन त्या डब्याभोवती बसलो. मी मेकॅनिकल, मी म्हटलं फ्यूज असेल. सॉफ्टवेअरवाला निखिल म्हणाला, "एकदा बंद करून परत चालू कर."

"चालू झाला असता तर बंद केला असता," सुधीर म्हणाला.

मग चहा झाला आणि झाकण परत लावलं. एक स्क्रू उरला, तो अजून माझ्याकडे आहे.

*

टे रापा भागातल्या रिपेअरवाल्याने आत एकदाच डोकावलं आणि म्हणाला, "मंटेड, मेट." म्हणजे कामातून गेला. पण सुधीरला राहवेना. नेमका कुठला पार्ट गेलाय?

"पुढच्या आणि मागच्या पॅनेलच्या मधला," तो म्हणाला.

*

इकडे काकूंनी प्लगांचा ताबा घेतला. आभाळ आलं की घरातले सगळे प्लग बाहेर. एका सकाळी हॅमिल्टनचं ते प्रसिद्ध धुकं पडलं. काकू म्हणाल्या, "ढगच आहेत हे, खाली उतरलेत." फ्रीझरही सुटला नाही. संध्याकाळी वैदेहीने वितळलेले मटार सगळ्यांच्या घरी वाटले. आठवडाभर रोटोटुनात मटारउसळ होती.

*

इन्शुरन्सचा माणूस आला तेव्हा घरी काकू एकट्याच. वहीत काहीबाही लिहीत, मान खाली घालून त्याने विचारलं, रिसिव्हर चालू होता का? काकू म्हणाल्या, "येस." वीज पडली? "येस." आधीपासून बिघडलेला होता? "येस." कुणाच्या हातून पडला वगैरे? "येस, येस." वर त्याला चहा आणि चकल्या.

क्लेम अडकला. रिपेअरवाल्याचं पत्र जोडलं तेव्हा कुठे सुटला. खरं तर काकूंनी मिरजेच्या शाळेत जन्मभर इंग्लिशच शिकवलं. पण किवी उच्चार म्हणजे काय विचारता, आम्ही सगळा दोष त्या उच्चारांना दिला.

*

या सगळ्यात दोनेक महिने गेले. काकूंनी टीव्ही लावणंच सोडलं. जेवायला बसलो तर खाली बघून जेवायच्या आणि उठून जायच्या. एक दिवस सुधीरला म्हणाल्या, "माझं तिकीट काढ. मला मिरजेला जायचंय."

"तिथे कोण आहे, आई? घराला कुलूप आहे."

"इथे तरी माझ्याशी कोण बोलतं?"

हे सुधीरनेच आम्हाला सांगितलं. आम्हालाही वाईट वाटलं. सुधीर रोज ऑफिसमधून आल्यावर तासभर आईपाशी बसायचा, हे आम्हाला माहीत होतं. निखिल म्हणाला, करमत नाही त्यांना, दुसरं काय, रिसिव्हर येऊ दे. ते सगळ्यांना पटलं.

*

नवा रिसिव्हर आला त्या संध्याकाळी आम्ही सगळे जमलो. त्याच्याबरोबर एक छोटा माइक होता. तो ऐकणाऱ्याच्या कानाच्या उंचीवर ठेवायचा, मग रिसिव्हर एकेका स्पीकरमधून आवाज सोडून स्वतःच सगळं जुळवून घेतो. तोवर खोलीत कुणी चकार शब्द काढायचा नाही. सुधीरने माइक काकूंच्या खुर्चीवर उशा रचून ठेवला. काकू आत चहा करत होत्या.

बटण दाबलं. कुकरची वाफ सुटावी तसा आवाज डाव्या स्पीकरमधून आला, मग मधल्या, मग उजव्या, दर वेळी आधीपेक्षा मोठा. शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. आम्ही पुतळ्यासारखे बसलो होतो.

तेवढ्यात काकू चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या आणि मागच्या स्पीकरच्या अगदी पुढ्यात उभ्या राहिल्या. तो नुसता गर्जत होता. काकूंनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, ट्रे हळूच खाली ठेवला आणि दबक्या आवाजात विचारलं,

"अरे, एवढे गप्प का बसलात सगळे? कोणी गेलं का?"