एकोणीस जणांच्या खांद्यावरून

लहानपणी मला एकूण एकोणीस जणांनी खांद्यावर घेऊन भरलेला ओढा पार करून दिला आहे. तशी लेखी नोंदच आहे, आणि ती माझ्याच हातची आहे. यातले सहा जण माझ्यापेक्षा वयानं लहान आहेत.

मी कुपवाडच्या एका छोट्या कारखान्यात खरेदी विभाग सांभाळतो. (विभाग म्हणजे मी, एक टेबल आणि एक कॉम्प्युटर.) दिवसभर त्याच त्या चार गोष्टी टाइप करायच्या: माल मिळाला, माल मिळाला नाही, माल लवकर पाठवा, माल परत न्या. माझी दया येऊन ऑफिसातल्या एकानं मला एक सॉफ्टवेअर टाकून दिलं. त्यात मजकूर एकदाच लिहून ठेवायचा आणि त्याला दोन-तीन अक्षरांची खूण द्यायची. पुढे नुसती खूण टाइप केली, की अख्खं पत्र आपोआप उमटतं! 'मामि' मारलं की माल मिळाल्याचं पत्र तयार, अगदी 'आपला विश्वासू'सकट! पहिल्याच दिवशी मी गरज नसताना सात पुरवठादारांना पत्रं पाठवली.

मोबाइलचे मेसेजही त्याच कॉम्प्युटरवरून पाठवता येतात, हे कळल्यावर मी घरच्यांकडे वळलो. वाढदिवस, बारसं, परीक्षेत पास, सगळ्याला खुणा करून टाकल्या.

"आवं, माणसं हायत ती," बायको म्हणाली. "त्यास्नी माल पोचल्याच्या पावत्या पाठवताय व्हय?"

"वेळ वाचतो," मी म्हणालो.

"वाचलेल्या वेळात काय करताय?"

वाचलेल्या वेळात मी नव्या खुणा तयार करत होतो, पण हे तिला सांगितलं नाही.

आता आक्का. माझी सख्खी थोरली बहीण, तासगावला असते. तिची बेदाणे सुकवायची शेड आहे, आणि दर दिवाळीला तिच्याकडून बेदाण्याची एक पेटी यायची. गेल्या वर्षी तिच्या नव्या घराची वास्तुशांत होती. "स्टॉकचं काम आहे" असं कळवून मी सांगलीत घरीच राहिलो. आक्कानं चौकशीला फोन केला, तो बायकोनं घेतला आणि "झोपल्यात" असं खरं सांगून टाकलं! तेव्हापासून आक्काचं बोलणं बंद झालं. दिवाळीला पेटी आली नाही. पेटीचं वाईट वाटलं असं मी चारचौघांत हसत सांगायचो. खरं तर मला तिच्या फोनचं वाईट वाटत होतं.

तिची साठी जवळ आली, तेव्हा मी ठरवलं, की यावेळी मनापासून लिहायचं. बसलो आणि लिहिलं: "लहानपणी भरल्या ओढ्यातून तू मला खांद्यावर घेऊन पलीकडे नेलंस. आज मी जिथे उभा आहे, तो त्या खांद्यामुळे. ते ऋण या जन्मी फिटणार नाही." हे अक्षरशः घडलेलं होतं. लिहिताना माझेच डोळे भरून आले.

पण साठीला अजून दोन महिने होते. इतका सुंदर मजकूर दोन महिने नुसता पडून राहणार? मी 'तू'चं 'तुम्ही' केलं, 'ओढा' अशी खूण दिली आणि मिळेल त्या वाढदिवसाला मारत सुटलो. लोणंदच्या मामांना गेला. (त्यांच्या गावात रेल्वे आहे, ओढा मी पाहिलेला नाही.) चुलतभावाला गेला, साडूला गेला, मेहुण्यांना गेला. आमच्या साहेबांनाही गेला. ते माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. त्यांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं, "मी नेलं? कधी हो?"

"भावना समजून घ्या, साहेब," मी म्हणालो.

आक्काच्या साठीचा दिवस उगवला. मी 'ओढा' मारलं आणि पाठवून दिलं. जिच्यासाठी लिहिलं होतं, तिचा नंबर लागला एकोणिसावा!

पाचव्या मिनिटाला फोन आला. आक्का रडत होती. "लय ग्वाड लिवलंयस रं. आन् मला 'तुमी' म्हनलास! साठीची झाले म्हनून मान देतोस व्हय? दुपारी ये जेवायला."

गेलो. बायकोही बरोबर होती. शेडशेजारी मांडव घातला होता. आक्काला साठ दिव्यांनी ओवाळलं. मग तिची सून माइकवर आली. "मामांनी आत्यांना लिहिलेलं वाचते," म्हणाली. (मामा म्हणजे मी. आणि आक्का तिची सख्खी आत्याच आहे असं वाटावं, इतकं त्या दोघींचं जमतं.) मी मान खाली घालून नम्र दिसायचा प्रयत्न केला.

'खांद्यामुळे' हा शब्द आला आणि लोणंदचे मामा उठून उभे राहिले. "थांब पोरी! ह्येला वढ्यातनं म्या न्हेलं हुतं!"

"मामा, तुमी न्हवं," चुलतभाऊ म्हणाला. "म्या न्हेलं. माज्याकडं लेखी हाय!"

"माज्याकडं बी लेखी हाय!"

"मग मला हे काय आलंय?" साडूनं मोबाइल वर केला. आमचे साडू मला पहिल्यांदा भेटले ते माझ्या लग्नात!

पाच मिनिटांत मांडवातले सगळे मोबाइल बाहेर. जो तो शेजाऱ्याचा मजकूर आपल्या मजकुराशी ताडून बघतोय. मामा अजूनही आपल्या दाव्यावर ठाम होते. बायको मांडवाच्या कापडाकडे असं बघत होती, की जणू ते विकत घ्यायचं आहे.

आक्का उठली. "किती जनांच्या खांद्यावर बसलास रं? गनपती हुतास व्हय, गावभर मिरवाय?"

मांडव हसून लोळला. पण आक्का हसत नव्हती. हळूच म्हणाली, "मला वाटलं, माज्यासाठीच लिवलं."

मी म्हणालो, "आक्का, तुझ्यासाठीच लिहिलं होतं. मग सगळ्यांना वाटून टाकलं."

"मग आता सांग. मिशनीबिगर."

सुनेनं माइक हातात दिला. खूण आठवत होती, मजकूर आठवत नव्हता! शेवटी जे तोंडाला आलं ते बोललो. "त्या दिवशी ओढ्यात तुझी एक चप्पल वाहून गेली. नवी होती. मला पाण्यात नेऊ नको असं आईनं बजावलं होतं, म्हणून तू घरी खरं सांगितलं नाहीस. चप्पल हरवली म्हणून मार खाल्लास. आणि मी दारात उभा राहून शेंगा खात बघत होतो."

आक्कानं पदरानं डोळे पुसले.

"शेंगा बी माज्याच हुत्या," ती म्हणाली, आणि हसली. मग मामांकडे वळून विचारलं, "मामा, तुमची कुटली चप्पल गेली?"

मामा खाली बसले.

घरी आल्यावर मी 'ओढा' ही खूण पुसून टाकली. आठवड्यानं ऑफिसात पार्सल आलं. बेदाण्याची पेटी! वर्षभरानं! इतका आनंद झाला, की तिथल्या तिथे आक्काला कळवायला बसलो. आणि पेटी समोर दिसल्याबरोबर बोटांनी सवयीनं 'मामि' मारून मेसेज पाठवूनही दिला.

"महोदय, आपण पाठविलेला माल मिळाला. तपासणी चालू असून दर्जात उणीव आढळल्यास आपल्या खर्चाने माल परत न्यावा. आपला विश्वासू."

आक्काचं उत्तर लगेच आलं. "उनीव घिऊन सोता ये. आता खांद्यावर न्हाई आननार."

मी 'येतो' असं उत्तर पाठवलं. हातानं टाइप करून. अख्खी दोन अक्षरं! सॉफ्टवेअरशिवाय मला तेवढीच जमतात.