नानांनी निवडलेलं धनुष्य

नवं धनुष्य घ्यायला कुणी आलं, की नाना त्याला दोरी गालापर्यंत ओढून उभं करत आणि घरची खुशाली विचारत. गाय व्याली का, भाऊ कामाला लागला का. माणूस ताणून उभा, आणि नाना निवांत सुपारी कातरताहेत. उत्तर देताना आवाज कापला, की धनुष्य काढून घेत. दोरी सोडायचीही नाही, सावकाश जागेवर आणायची. "ताणता बठ्ठास्ले येस. माघारी आनता येस का, ते दाखाड." ताणणं सगळ्यांनाच जमतं, त्यांना परत आणणं बघायचं असे. नाना माझ्या शिरपूरच्या शाळेतले क्रीडाशिक्षक, घरून धनुष्यंही विकत. गेल्या उन्हाळ्यात गेले. त्यांच्या या हट्टामुळेच मी हे लिहायला शिल्लक आहे.

लग्न होऊन मी पाचोऱ्याजवळच्या शेतावर आले. एका वर्षी रानडुकरांनी आमच्या मक्याचा पार चुराडा केला आणि आमचे हे हट्टाला पेटले. शिकारीला रिकर्व्ह धनुष्य घ्यायचं, म्हणजे ते टोकं पुढे वळलेलं, आणि तेही सगळ्यात ताठ. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून स्वारी अर्धी शिकारी झालीच होती. म्हटलं, निवडायचंच तर नानांकडे चला.

ह्यांनी पंचेचाळीस पौंड ओढीचं उचललं, छाती फुगवून ताणलं. "जवाईबुवा, आईनी तब्येत कशी शे?" नानांनी विचारलं. ह्यांच्या तोंडून बकरीचा आवाज निघाला. मी पदर तोंडाला लावला. नानांनी पंचविसाचं पुढे केलं.

"हे तर पोरासोरांचं. यानं डुक्कर मरणार आहे का?"

"नहीच मरनार. वनखातानी परवानगी उनी का? तोपावत पोत्यावर मारा. हातमा थांबी, ते धनुष्य आपलं."

हे ते पंचविसाचंच घेऊन घरी आले, तेही तोंड फुगवून. पोत्यावर मात्र रोज मारत राहिले.

परवानगी काही येईना. एकदा दिवेलागणीला मक्यात खसफस ऐकून हे तसेच धनुष्य घेऊन बांधावर गेले. आत काळं काहीतरी वाकलेलं दिसलं. ह्यांनी बाण लावून दोरी ओढली.

ती मी होते. डोक्यावरून काळी शाल घेऊन सासूबाईंसाठी कोवळी कणसं काढत होते. मला कशाचा पत्ताच नाही. थंडीनं नुसती खोकले. हे सांगतात, बोटं सुटायच्या बेतात होती, पण धनुष्य हातात थांबलं आणि हळूहळू माघारी आलं. मग बांधावर बसून ढसाढसा रडले. कारण कळल्यावर मीही कणसांची पिशवी कवटाळून त्यांच्याशेजारी बसले.

दुसऱ्या दिवशी आम्ही तीच पिशवी घेऊन शिरपूर गाठलं. वाटलं, आता नाना ह्यांना चांगलंच फैलावर घेणार. पण त्यांनी एवढंच विचारलं, "बाण सुटना नही ना?" मी समोर धडधडीत बसलेली असताना पुन्हा तेच विचारलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"माय, ती कणसं कोठे शेतस?"

पिशवीतच होती. नानांनी शेगडी पेटवली. हे कणसं भाजत होते, नाना मीठ-लिंबू चोळून देत होते, आणि मी दोघांच्या मधे बसून खात होते.