पडवीत माझी वाट बघत होते

"आलास का रे? बरा आलास. ती लाकडं पडल्येत, तेवढी फोडून टाक."

म्हातारी एवढंच म्हणाली नि आत गेली.

मी वाडीच्या मागच्या दगडी गडग्याशी उभा होतो. इस्त्रीची विजार, पांढरा सदरा. बूट हातात, कारण किनाऱ्याच्या पुळणीतून, वाळूतून चालत आलो होतो. आणि सदऱ्याच्या खिशात तिच्याच मुलाचं पत्र होतं. तुमची अकरा पानं वाचली. संशोधनाची एक जागा आहे. सुट्टीत मी दिवेआगरच्या वाडीत असेन, रविवारी सकाळी या, बोलून नक्की करू. खाली सही.

मी म्हणायला हवं होतं, आजी, मी लाकडं फोडायला नाही आलो. बूट गडग्यावर ठेवले, बाह्या दुमडल्या आणि कुऱ्हाड उचलली.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. लाज वाटते. त्यांची नाही, माझी.

म्हातारीला मी सोडत नाही. पण तिच्या आधी चुकलो मी. पुढचं फाटक मी बघितलं होतं. लाल रंगाचं, उघडंच होतं. त्याच्यासमोर मिनिटभर उभा राहिलो. मग पाय वळले. वाडीला वळसा घालून, पोफळींच्या मागनं, पाटाच्या कडेकडेनं, थेट मागच्या गडग्यापाशी. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी हाकललं नव्हतं. याच वाडीत माझा बाप जन्मभर लाकडं फोडायला यायचा. त्याची भाकरी घेऊन मी सहा वर्षांचा असल्यापासून याच वाटेनं यायचो. बाप जाऊन दोन वर्षं झाली होती. म्हातारीनं मला त्याच्या तोंडवळ्यावरून ओळखलं.

आम्ही महार. म्हणजे होतो. धर्म बदलला तेव्हा बापानं घरातले देव टोपलीत घालून खाडीत सोडले. वाकून जोहार घालणं सोडलं. मेलेलं ढोर ओढणं सोडलं. गावकीची भाकर सोडली. ह्यांच्या वाडीचं मागलं दार तेवढं सुटलं नाही. मी एकदा विचारलं होतं, पुढून का नाही जायचं? तर म्हणाला, "फुडल्या दाराला इचारावं लागतं. मागल्याला काय इचारायचं न्हाय." मला तेव्हा ते शहाणपण वाटलं होतं.

आता पत्र कसं आलं ते सांगतो. मी मुंबईत एका कचेरीत कारकून होतो. गणितात एम. ए., पहिला वर्ग, तरी कारकूनच. खोलीत आम्ही आठ जण, सगळे आमच्याच बाजूचे. मी भिंतीला टेकून तर्कशास्त्राची पुस्तकं वाचायचो म्हणून मला शास्त्रीबुवा म्हणायचे. शास्त्रीबुवा, ह्याच्यात भाकरी लिवली हाय का, असं विचारून हसायचे. मीही हसायचो.

त्या वर्षांत शहरातल्या एका संस्थेत गणकयंत्र आलं. खोलीभर मोठं. हे सर, म्हातारीचा मुलगा, परदेशात शिकून तिथं लागले होते. शनिवारी दुपारी ते व्याख्यान द्यायचे, कुणीही जाऊन बसावं. मी शेवटच्या बाकावर बसायचो. यंत्राशी बोलायची भाषा कशी असावी, आणि त्या भाषेत लिहिलेलं बरोबर आहे हे नुसत्या तर्कानं कसं सिद्ध करावं, हे त्यांचं काम. आपल्या देशात असलं काम करणारे तेव्हा हाताच्या बोटांवर मोजावे इतकेच. एक दिवस ते म्हणाले, माझ्याकडे एक जागा आहे. आणि एक कोडं फळ्यावर लिहून ठेवलं.

कोडं असं. यंत्राला आज्ञांची यादी दिली. हे कर, ते कर, अमुक होईपर्यंत पुन्हा पुन्हा कर. आता ते यंत्र थांबेल कशावरून? की बसेल घाण्याच्या बैलासारखं फिरत? चालवून न बघता, आधीच कसं सांगायचं?

मी त्याच्यावर चार महिने घालवले. उत्तर साधं निघालं. प्रत्येक फेरीला काहीतरी कमी होत गेलं पाहिजे, आणि ते शून्याच्या खाली जाता कामा नये. एवढं दाखवता आलं की यंत्र थांबतंच. साधं म्हणतो, पण ते पक्कं मांडायला अकरा पानं लागली. ती टपालानं पाठवली. उत्तर आलं तेव्हा खोलीतल्या सगळ्यांनी ते हातोहात वाचलं. कुणी हसलं नाही. एकानं स्वतःचे बूट मला दिले.

त्या जागेवर माझं सगळं अवलंबून होतं. ती मिळाली असती तर मला जन्मभर हेच करता आलं असतं. नाहीतर कचेरी, आवक-जावक, शिक्के.

तर लाकडं फोडत होतो. आंब्याचे ओंडके, घराच्या कडेला पडवीच्या खिडकीखाली रचलेले. खिडकीच्या आत झोपाळ्याच्या कड्या करकरत होत्या. दोन आवाज होते. एक सरांचा. दुसरा कुणा मुंबईच्या तरुणाचा, शुद्ध बोलीतला. तो त्यांच्या मित्राचा मुलगा, हे नंतर कळलं. त्याला तीच जागा हवी होती. तो आदल्या दिवशी येऊन राहिला होता.

ते माझी पानं वाचत होते.

घाव घातला की ऐकू यायचं नाही. दोन घावांच्या मधे जेवढं कानावर पडेल तेवढं. म्हणून मी घाव सावकाश घालायला लागलो. सर म्हणत होते, बघ, किती स्वच्छ मांडलंय. मी घाव घातला. मग म्हणाले, हा माणूस कुठे शिकला असेल? मी घाव घातला. मग तो तरुण म्हणाला, पण आलाच नाही की तो. सर म्हणाले, "येईल. आपण जेवायला थांबू त्याच्यासाठी."

माझ्यासाठी जेवायला थांबले होते. आणि मी त्यांच्यापासून पाच हातांवर त्यांच्याच चुलीची लाकडं फोडत होतो. त्या क्षणी कुऱ्हाड टाकून आत जाता आलं असतं. नाही गेलो. कुऱ्हाड खाली येताना माझ्या तोंडातून बापासारखा हुंकार निघत होता, अगदी त्याचाच, आणि तो थांबवता येईना. मला वाटलं, बाप मेलाच नाही, माझ्यात येऊन कामाला लागलाय.

मधेच म्हातारीनं पाणी आणलं. वरून ओतलं, मी ओंजळ धरली. ती म्हणाली, "बापासारखाच हात आहे हो तुझा." प्रेमानं म्हणाली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मग सर आतून ओरडले, आई, त्या माणसाला म्हणावं जरा थांब, आम्हाला बोलणं ऐकू येत नाहीये. मी थांबलो. त्या शांततेत तो तरुण म्हणाला, ह्यात एक भोक आहे. कमी होत गेलं म्हणजे संपेलच कशावरून? अर्धं करा, त्याचं अर्धं करा, त्याचंही अर्धं. कमी होतंच राहील, संपणार कधीच नाही. पानं उलटल्याचा आवाज आला. सर म्हणाले, खरंय की रे. मग तर हे सगळंच कोसळतं.

स्वतःसाठी मी तोंड उघडलं नव्हतं. पण हे मला सहन झालं नाही.

"सातव्या पानावर आहे," मी खिडकीकडे तोंड करून म्हणालो. "वरून तिसरी ओळ. पूर्णांक घेतलेत. पूर्णांकात अर्ध्याचं अर्धं चालत नाही."

झोपाळा थांबला. पान उलटलं. मग सर मागच्या दारात आले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, कुऱ्हाडीकडे बघितलं, गडग्यावरच्या बुटांकडे बघितलं. मी खिशातलं पत्र काढून दाखवलं.

"तुम्ही?" ते म्हणाले. आणि मग, हळूच, "आडनावावरून वाटलं नव्हतं."

माझं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर' असलेलं. कोकणात असलं आडनाव भटाचंही असतं, भंडाऱ्याचंही असतं, आमचंही असतं. पत्रात ते मला तुम्ही म्हणत होते. पुढच्या वाक्यापासून तू झालो.

माणूस वाईट नव्हता, हे सांगायलाच हवं. म्हणाले, अरे, मी असलं काही मानत नाही, पण आई आहे, तिचं वय झालंय, आपण इथेच बोलू. ते मागच्या पायरीवर बसले. मी अंगणात उभा, ढलप्यांमध्ये. तासभर बोललो आम्ही. खरं बोललो. त्यांचे डोळे चमकत होते. मी काडीनं मातीत आकृत्या काढत होतो आणि ते वाकून बघत होते. इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता. त्याचाच आता जास्त त्रास होतो.

शेवटी म्हणाले, जागेचं असं आहे, तिथे परदेशी पाहुणे येतात, उठबस असते, तुला जड जाईल. ती जागा आत बसलाय त्या मुलाला देऊ. तुझ्यासाठी यंत्रात घालायच्या कार्डांना भोकं पाडणाऱ्यांत सांगतो. यंत्राच्या जवळ तरी राहशील. फावल्या वेळात आपण असंच बोलत जाऊ. ही पानं आपण तिघं मिळून नीट लिहू.

असंच बोलत जाऊ. म्हणजे ते पायरीवर आणि मी मातीत. त्यांच्या दृष्टीनं ते माझं भलंच करत होते.

मी काडी टाकली. बूट उचलले. वाडीला उलटा वळसा घालून पुढच्या बाजूला आलो, लाल फाटकातून आत शिरलो, पायऱ्यांवर बसून बूट घातले आणि पडवीत जाऊन उभा राहिलो. तोवर सर आतून पुढे आले होते. तो तरुण झोपाळ्यावर होता. म्हातारी माजघराच्या उंबऱ्यात येऊन थांबली.

मी म्हणालो, मी मुलाखतीला आलोय. हे पत्र.

सर म्हणाले, "आत्ताच तर बोललो आपण."

"ते तुम्ही लाकडं फोडणाऱ्याशी बोललात," मी म्हणालो. "ज्यानं पानं लिहिली त्याला अजून बसा म्हणाला नाहीत."

तो तरुण झोपाळ्यावर जरा सरकला. जागा झाली. हे त्याच्या नावावर मी लिहून ठेवलंय. सरांनी त्या जागेकडे बघितलं, मग आईकडे बघितलं. ज्या माणसानं नुसत्या तर्कानं यंत्र थांबेल की नाही ते सांगायचं ठरवलं होतं, त्याला 'बसा' हा एक शब्द उच्चारता आला नाही. मी वाट बघितली. पुरेशी बघितली. मग झोपाळ्यावर पडलेली माझी अकरा पानं उचलली.

"अरे, वेडा आहेस का?" ते म्हणाले. "यंत्र आमच्याकडे आहे."

मी निघालो.

गावातल्या घरी आईनं माझे हात बघितले. कागदावर चालणारे हात ते, फोड आले होते. तिनं विचारलं, "कशाचं रं ह्ये?" मी सांगितलं, लाँचच्या दोराचे. तिला खरं वाटलं नसावं. ती तेल लावत बसली.

त्यानंतर कित्येक दिवस मला ते दोन आवाज ऐकू यायचे. कचेरीत, रस्त्यात, जेवताना. येईल तो, थांबू त्याच्यासाठी. अजून येतात. म्हातारीवरचा माझा राग केव्हाच ओसरला. पण मी आत होतो आणि बाहेरही होतो, ते माझी वाट बघत होते आणि मीच त्यांना सापडत नव्हतो, हे काही केल्या जात नाही.

जागा त्या तरुणाला मिळाली. मी कचेरी सोडून हायस्कुलात गणित शिकवायला लागलो. दीडेक वर्षानं सरांचं पत्र आलं. त्यांचं काम माझ्या सातव्या पानापाशी अडलं होतं. पानं पाठवून दे, लेखात तुझे आभार मानू, असं लिहिलं होतं. वर पत्त्यात 'श्री.' नव्हतं.

मी पोस्टकार्डावर उत्तर लिहिलं. तीनदा खोडलं, चौथ्यांदा लिहिलं ते असं: "पानं मिळणार नाहीत. तीच पानं मी माझ्या नावानं छापायला पाठवली आहेत. परत आली तर पुन्हा पाठवीन. छापून आली की सगळ्यांबरोबर तुम्हीही वाचा. चूक सापडली तर ओळ दाखवा. ओळ दाखवता येत नसेल, तर माझ्याविषयी तुम्हाला वाटणारं दुसरं काहीही मी यापुढे उत्तर म्हणून धरणार नाही."

पानं नियतकालिकाकडून एकदा परत आली. कारण दिलं नव्हतं, ओळ दाखवली नव्हती. मी पाकीट बदललं, नाव ठळक अक्षरात लिहिलं आणि त्याच दिवशी पुन्हा पाठवली.