शलाशने झाकलेला पाऊस

देवाने माणसाला जीभ दिली ती दोन कामांसाठी: एक त्याचे नाव घ्यायला, दुसरे खरे सांगायला. जॉर्डनच्या पूर्वेला, काळ्या दगडांच्या वाळवंटात, शलाशच्या घराण्याकडे या दुसऱ्या कामाची राखण होती. टोळीच्या आधी एकटा उंट घेऊन निघायचे, पाऊस कुठे पडला, गवत कुठे फुटणार ते पाहायचे आणि मागे येऊन सांगायचे. हे त्याच्या आजाने केले, बापाने केले. पुढे गेलेला माणूस आपल्यांशी खोटे बोलत नाही, हे तिथले बाळकडू.

उंट गेले, तंबूंच्या जागी सिमेंटच्या भिंती आल्या, शलाशचे गुडघे धरले. आभाळाची ओढ मात्र सुटली नाही. आखातात नोकरीला असलेल्या मुलाने घरी बसवायचे हवामान केंद्र आणून दिले, तेव्हा म्हातारा स्वतःच्या लग्नाला निघाल्यासारखा कामाला लागला. तापलेले काळे दगड हवेलाही खोटे बोलायला लावतात, म्हणून त्याने घरापासून लांबची जागा निवडली, दगड वेचले, खांब रोवला, तारांनी ताणून बांधला. वर वारा मोजणाऱ्या वाट्या, खाली पांढऱ्या झडपांआड तापमापक, शेजारी पाऊस मोजणारे नरसाळे. शेळ्या अंग घासायला येत, म्हणून भोवती काट्यांचे कुंपण. आकडे सर्वांच्या फोनवर दिसावेत, ही खूण त्याने स्वतःच्या बोटाने दाबली.

"आता घरी बसूनच पुढे जातो मी," तो बायकोला म्हणाला.

"जा की," तुर्फा म्हणाली. "येताना पाणी आणा."

पहिल्या हिवाळ्यात पाऊस पडला आणि आकडा सर्वांनी पाहिला. आठवडा उलटायच्या आत मेंढरांनी भरलेले ट्रक आले, पाण्याचे टँकर आले, ओळखीचे आले, अनोळखी आले. कोंब बोटभर होण्याआधी रान साफ झाले. शलाशने प्रत्येकाला कॉफी पाजली. त्याच्या स्वतःच्या मेंढ्या विकतच्या बार्लीवर राहिल्या, आणि कित्येक राहिल्याच नाहीत.

यंदा उरलेल्या मेंढ्या गाभण होत्या, बार्ली तळाला लागली होती. यंदाचे गवतही गेले की कळप गेला.

मग एका सकाळी हवेचा दाब उतरू लागला. उतरतच राहिला. वारा पडला, वाट्या थांबल्या, कुत्री भिंतीला चिकटली. उत्तरेचे आभाळ मुका मार लागलेल्या अंगासारखे काळेनिळे झाले.

"झाका ते," तुर्फा म्हणाली.

"काय झाकू?"

"वेड पांघरू नका. जगाला जेवू घालायचं आणि आपण ताट चाटायचं, हे किती वर्षं? हे पातेलं घ्या."

"तुर्फे, मी कधी खोटं बोललो नाही."

"मग नका बोलू. गप्प बसा. पातेलं बोलेल."

त्याने पातेले नरसाळ्यावर उपडे घातले, वर दगड ठेवला. पहिला थेंब त्यावर टणकन वाजला. दुसरा वाजला. मग थेंब वेगळे राहिलेच नाहीत. हे दयाघना, तुझी दया झाकायला एक पातेले पुरते का रे? पण पुरत होते. आभाळ कोसळत होते, आणि फोनवर शलाशच्या नावापुढे शून्य होते.

त्या शून्याकडे पाहताना त्याला खालचा ओढा आठवला. त्याच्या दारावरून जाणारा कोरडा ओढा खाली जिथे रुंद होतो, तिथे मऊ वाळूत दहाम तंबू ठोकून राहिला होता: मेलेल्या भावाचा मुलगा, बायकोपोरांसह. वाळवंटातला शहाणा माणूस ओढ्यात झोपत नाही. दहाम झोपत होता, कारण वर काका पाऊस मोजत होता.

तेवढ्यात फोनची रेंज गेली. शलाशने गाडी काढली. दगडांवर आदळत, पाण्याच्या पुढे पुढे धावत तो खाली पोचला. तिथे ऊन होते. पोरे वाळूत खेळत होती.

"एवढी घाई?" दहाम हसला. "काकू रागावली की दुसरी काकू आणलीत?"

"पोरं उचल! पाणी येतंय!"

दहामने फोन पुढे धरला. "तुमचं यंत्र तर शून्य म्हणतंय, काका."

"यंत्रावर मी पातेलं झाकलंय!"

दहामने जवळचे पोर खांद्यावर टाकले. मग धावला. सगळी काठावर चढली तोच आवाज आला, दगड दगडाला दळत येणारा. पाणी दिसले ते तपकिरी भिंतीसारखे. दहामच्या कोकरांचा वाडा तिच्या वाटेत होता. कोकरे ओरडली, मग ओरडायची थांबली.

संध्याकाळी सारे शलाशच्या घरी होते. त्याने कॉफी ओतली. दहामने पेला घेतला आणि न पिता समोर ठेवला. पाहुण्याने पेला असा ठेवला की त्याचे काही मागणे असते. यजमान 'दिलं' म्हणेपर्यंत तो ओठाला लागत नाही.

"माग बेटा," शलाश म्हणाला. "गवत माग. माझ्या मेंढ्या माग."

"गवत नको, मेंढ्या नकोत. उद्या तुमच्या नावापुढे शून्य दिसलं, तर माझ्या बायकोला झोप लागली पाहिजे. तेवढं द्या."

आयुष्यभर 'दिलं' हा शब्द शलाशच्या तोंडून श्वासासारखा निघाला होता. त्याने तोंड उघडले, पण डोळ्यांपुढे मेंढरांनी भरलेले ट्रक आले. तुर्फाने मान खाली घातली. कॉफी निवत गेली, तिचा गाळ तळाशी बसला, आणि दहाम हात मांडीवर ठेवून वाट पाहत राहिला.