रिकाम्या गाळ्याची पट्टी

बाजारातला आमचा गाळा दोन वर्षं बंद होता. मोबाइलवाला भाडेकरू बसस्टँडजवळच्या नव्या इमारतीत गेला, तेव्हापासून कुणी विचारायलाही आलं नाही. पालिकेची पट्टी मात्र यायची, दुकानाच्या दरानंच. दुकान चालो न चालो.

हा गाळा माझ्या घरधन्यांनी, मालकांनी, मेंढरं विकून घेतला होता. त्याआधी आम्ही झरी-पेडगावच्या शिवारात लोकांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवत फिरायचो. "आता एका जागी बसायचं," असं ते म्हणाले आणि अख्खा कळप गेला. आता तेही नाहीत. गाळा विकला तर त्यांच्या हातचं काहीच उरणार नव्हतं. पण पट्टीसाठी मी मजुरीला जायचे. ढोपरं दुखायची, आणि साल फिरलं की पुन्हा कागद यायचा.

शेजारी शिलाईचं दुकान असलेल्या काकू एकदा म्हणाल्या, "अवं, गाळा मोकळा हाय असा अर्ज द्या. सायब बघून जातो आन् पट्टी कमी होती. रिकाम्या खोलीची पट्टी भरायलाव, लय पैसा झालाय का?"

अर्ज मीच लिहिला. चौथी शिकले आहे, तेवढं येतं. पण तो द्यायला काकूंनाच पाठवलं. पालिकेच्या खिडकीपुढं जायची मला भीती वाटते.

साहेब सोमवारी येणार असं कळलं. मी सकाळीच गेले. झाडून घेतलं, सडा टाकला, रांगोळी काढली. शटरला नवं लिंबू-मिरची बांधलं. काकूंकडून टेबल आणि दोन खुर्च्या आणून मांडल्या, मालकांच्या फोटोला हार घातला, उदबत्ती लावली. मोठा माणूस दारी येणार, तर एवढं करायलाच पाहिजे.

साहेब दारातच थांबले. "कशाचं दुकान हाय, मावशी?"

मी पदर ओढला. खुर्ची पुढं सरकवली.

"मोकळा हाय ओ!" काकू मशीनवरून ओरडल्या.

"मोकळ्या गाळ्यात कोण उदबत्ती लावतंय? उद्घाटन हाय जणू!" ते हसले, फोनवर फोटो काढला आणि वळले.

"तुमी येणार म्हणून..." एवढंच मी म्हणाले, तेही खाली बघत. तोवर गाडी चालू झाली होती.

पंधरा दिवसांनी कागद आला. 'वापर चालू' असा शेरा, पट्टी तेवढीच.

काकूंनी कपाळावर हात मारला. "बाई, जाळी-जळमटं राहू द्यायची व्हती! तुमी तर लग्नाचा मांडव केलाव!"

पुन्हा अर्ज करा, म्हणाल्या. करता आला असता. पण पुन्हा त्या साहेबांपुढं उभं राहायचं माझ्यात बळ नव्हतं.

गेल्या महिन्यात खताचा एक व्यापारी पोती ठेवायला जागा शोधत आला. भाडं विचारलं. मी म्हणाले, "भाडं नको. पट्टी तेवढी तुमी भरत जा." तो लगेच हो म्हणाला.

"फुकट दिलाव की!" काकू रागावल्या.

फुकट कसा? नाव अजून मालकांचंच आहे. शटरला कुलूप व्यापाऱ्याचं लागलंय, किल्ली त्याच्याकडंच असते. परवा त्या बाजूनं गेले तर शटर अर्धं उघडं होतं. पोती छताला भिडलेली, आत पाय ठेवायला जागा नव्हती. मला तरी आत जाऊन काय करायचं होतं?