तिसरा दोर

दिनकर आज सकाळी गेला. फ्लेक्स लावू नका.

चार सुतळ्यांवर फडफडणारा फ्लेक्स बघितला की त्याचं डोस्कं उठायचं.

वय झालतं, अटॅक आला. संपला विषय.

नव्या पोरांना म्हाईत न्हाय म्हणून सांगतो. सत्तर-ऐंशीच्या काळात आमचा दोघांचा माईक-स्पीकरचा धंदा हुता. जत्रा, आर्केस्ट्रा, सगळीकडं आमीच.

कर्णे उंच बांबूवर. बांबूला तीन बाजूंनी दोर, दोराला खाली मेख. ह्ये काम दिनकरचं. गाठ मारली की तीनदा वढून बघायचा.

"बास की लेका, बांबू हाय, बैल न्हवं."

"बैल हाक मारल्यावर थांबतोय. वारं थांबतंय व्हय?"

मुडशिंगीच्या पुढं एक गाव. नाव घेत न्हाय. जत्रंचा आर्केस्ट्रा, दिवस अजून वर, आभाळ वळवाचं.

कमिटीचा अध्यक्ष आला. "पावणं, ह्यो दोर काढा. मिरवणूक हितनंच स्टेजवर जाणार. फेट्याचा तुरा अडकतोय."

दिनकर म्हणाला, "मान वाकवायला सांगा. दोर निघणार न्हाय."

अध्यक्ष माझ्याकडं वळला. पुढल्या सालीबी तुमीच या, म्हणाला.

दिनकर ॲम्प्लिफायर बघायला आत गेला, आन मी दोर सोडला.

पाच मिनिटांसाठी.

मग सत्कार. आमच्याकडं सत्कार पाच मिनिटांत उरकलाय कधी? ह्याचा झाला, त्याचा ऱ्हायला, ज्याचा ऱ्हायला त्यो रुसला.

मलाबी वर बोलवलं. माझ्या डोस्क्याला फेटा गुंडाळत हुते, तवा वारं सुटलं.

दोर ध्यानातच न्हवता माझ्या.

बांबू कलला. खाली बायका बसलेल्या, मांडीवर पोरं. दिनकर पळत आला आन बांबूला मिठी मारून उभा ऱ्हायला. बायका उठून बाजूला झाल्या, तवर धरला त्यानं.

मग कर्ण्यासकट त्याच्याच अंगावर आला.

दुसऱ्या कुणाला खरचटलंबी न्हाय. दिनकरचा पाय जन्माचा अधू झाला.

दवाखान्यात अध्यक्ष म्हणाला, "वाऱ्यापुढं कुणाचं चालतंय?" मी मान डोलावली.

त्यो गेल्यावर दिनकर म्हणाला, "मेख उपटली न्हाय. दोर तुटला न्हाय."

मी म्हटलं, "वारंच तसलं हुतं."

त्यानं परत कधी इचारलं न्हाय.

चाळीस वर्सं लोकं म्हणत आली, दिनकरची गाठ सुटली. त्यानं ऐकून घेतलं. शेजारी बसून मीबी ऐकलं, च्या पीत.

गाठ सुटली न्हवती. मी सोडलती. एका तुऱ्यासाठी.

ह्या मेसेजखाली हात जोडलेली चित्रं टाकू नका. मला तर न्हाईच न्हाई.

आज पोरं तिरडी बांधत हुती. ढिल्या गाठी. उठवलं सगळ्यांना, मी बांधली.

तीनदा वढून बघितली.

राम राम, दिनू. सांगायला उशीर झाला.