सगळ्यांच्या देखत

सासूने माझं पोलकं गळ्याशी धरून फाडलं तेव्हा मी पेटलेली होते, आणि तरी तिचे हात धरून ठेवत होते. तिला अडवत होते. समोर ओट्यावर चाळीतले पुरुष उभे होते.

"सोड गो! जीव जाता तुजो, आणि लाज कसली धरतंस!" ती ओरडली आणि तिने माझ्या हातावर फटका मारला.

स्टो भडकला होता. पंप मारायचा रॉकेलचा स्टो, तेव्हा घरोघरी असायचा तसला. मी पंप मारत होते आणि धाकटी जाऊ माझ्या शेजारी बसून बांगडे साफ करत होती. दोघींच्या अंगावर नायलॉनच्या साड्या. धुवायला सोप्या, लवकर वाळणाऱ्या, म्हणून घेतलेल्या. नायलॉन नुसता जळत नाही, तो वितळून कातडीला चिकटतो. सासूने मला दाराबाहेर ओट्यावर ओढलं, साडी ओढली, पोलकं फाडलं, परकराची नाडी तोडली आणि माझ्यावर गोधडी टाकून मला लोळवलं. तिचे दोन्ही तळहात भाजले.

रविवार होता. पुरुष घरी होते. कुणी दाढी करत होता, कुणी पेपर वाचत होता. लुंगीवर, टॉवेलवर, सगळे वरून उघडेच. माझा नवरासुद्धा. सासूने माझे कपडे काढायला घेतले तसं कुणीतरी ओरडलं, "ए, बघू नका रे कुणी!" आणि ते सगळे एकदम वळले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. माणसं वाईट नव्हती. चांगली होती म्हणूनच वळली.

त्यामुळे धाकटी कुठे गेली ते कुणी पाहिलं नाही.

तीही माझ्यामागून पेटलेलीच बाहेर आली होती. ओट्यावर पुरुष पाहिले, त्यात माझा नवरा, म्हणजे तिचा मोठा दीर. त्याच्यासमोर तिने कधी डोक्यावरचा पदर खाली येऊ दिला नव्हता. ती चाळीच्या टोकाच्या न्हाणीत पळाली आणि आतून कडी लावली. तिथल्या पिंपात पाणी असेल असं तिला वाटलं असणार. पिंप तळाला गेलं होतं, नळ दुपारी यायचा. मला गोधडीत गुंडाळून झाल्यावर सासूने विचारलं, "धाकटी खंय आसा?" तेव्हा कुठे पुरुषांनी तोंडं वळवली, आणि न्हाणीच्या पत्र्याच्या फटीतून येणारा धूर दिसला. दार तोडायला वेळ लागला. चांगलं मजबूत दार होतं. बायकांनीच मागे लागून बसवून घेतलं होतं.

आमची चाळ अंधेरीला, मरोळच्या बाजूला. बैठी चाळ, पत्र्याचं छप्पर, पुढे सलग ओटा, टोकाला न्हाणी. मागे थोडं चाललं की आरे कॉलनीचं रान सुरू व्हायचं. ही गोष्ट ऐंशीनंतरची, गिरण्यांचा संप होऊन गेला होता तेव्हाची. माझा नवरा गिरणीतून सुटून एका कारखान्यात वॉचमन झाला होता. दीर औषधांच्या कंपनीत पाळीवर जायचा. त्या रविवारी तो पहिल्या पाळीला होता. घरात दीर-जाऊ, आम्ही दोघं, आमची दोन मुलं आणि सासू, एवढी माणसं एका खोलीत आणि पोटमाळ्यावर.

सासू मालवणकडची. तिच्या गावात पोरंबाळं झाली की बायका पोलकं घालणं सोडून द्यायच्या. लुगड्याचा पदर आडवा घ्यायचा, खांदे उघडे, दंड उघडे, वाकलं की छातीही दिसायची. त्यात कुणाला काही वाटायचं नाही. शेतात, विहिरीवर, देवळातसुद्धा तशाच. ती मुंबईला आली ती तशीच आली आणि आमच्या दारात ओट्यावर बसायला लागली.

चाळीला ते खपलं नाही. कमिटीचे दोघं माझ्या नवऱ्याला भेटायला आले. स्वतः दोघंही बनियन-लुंगीवर.

"आईंना जरा सांग रे. मुलींना बघायला पाव्हणे येतात. बरं दिसत नाही."

मी म्हटलं, "आरेच्या पाड्यावरची म्हातारी भाजी घेऊन येते, तीही तशीच असते. तिला नाही कुणी सांगत."

"तिचं वेगळं हो वहिनी. ती जंगलातली. आपण घरंदाज माणसं."

म्हणजे रानातली असली तर चालतं, घरंदाज असली तर चालत नाही. पुरुष असला तर विचारायचंच नाही. मी चौथी शिकलेली बाई, पण एवढं मलाही कळत होतं.

धाकटीने सासूसाठी पोलकं शिवलं. मऊ सुती, ढगळ, पुढे बटणं. तिचा हात शिवणाला चांगला होता. सासूने ते एक दुपारभर घातलं. मग काढून स्टोपाशी ठेवलं आणि त्याने गरम टोप उतरवायला लागली. धाकटी रागावेल असं मला वाटलं. ती पोट धरून हसली.

"आई, बटणं तरी काढून द्या, दुसरीकडे लावीन!"

"टोपाक बटणा नको? टोपाची लाज जाईत मां!"

ही धाकटी लालबागची. मुंबईतच वाढलेली, तोंडाने फटकळ. माझ्याहून बरीच लहान. घरात ती आली आणि मला पहिल्यांदा बोलायला कुणीतरी मिळालं. आम्ही दोघी ओट्यावर तांदूळ निवडत बसायचो आणि अख्ख्या चाळीची मापं काढायचो. कोण कसा चालतो, कोण कसा खोकतो, ती हुबेहूब करून दाखवायची. कमिटीच्या माणसाची पोट खाजवत बोलायची लकब तिने सासूला करून दाखवली तेव्हा सासूला उचकी लागली.

पण स्वतःच्या अंगाबाबत तिच्याइतकी लाजरी बाई मी दुसरी पाहिली नाही. पोलकं बदलायचं तर साडीच्या आत हात घालून बदलायची, माझ्यासमोरसुद्धा. न्हाणीत गेली की कडी लावून वर दाराच्या फटीला टॉवेल टांगायची. मी चिडवायचे, "कोण येणार आहे गं तुला बघायला?" ती म्हणायची, "ताई, मी दहा बाय दहाच्या खोलीत अकरा माणसांत वाढलेय. तेवढी एक कडीच माझी होती."

एकदा आम्ही मुलांना घेऊन जुहूला गेलो. हॉटेलांच्या मागच्या बाजूला वाळूत एक गोरी बाई पालथी पडली होती. चड्डी तेवढी अंगावर आणि पाठीवरचा पट्टा सोडून टाकलेला. जरा लांबवर पुरुषांचं कोंडाळं. चणेवालाही तिथेच येऊन उभा राहिलेला. धाकटी कितीतरी वेळ बघत राहिली.

"ताई, हिला बघायला चणेवाल्याचा धंदा होतोय. आपल्या आई बसल्या तर कमिटी येते."

"तिच्या देशात चालत असेल."

"तिच्या देशात कोण बघतही नसेल. बिचारी इथं आली आणि तमाशा झाला." मग थोड्या वेळाने म्हणाली, "पण ती उठून पळत नाही बघ. मी असते तर वाळूत खड्डा करून आत गेले असते."

हे ती हसत बोलली होती. मीही हसले होते.

हॉस्पिटलात आमच्या खाटा शेजारी शेजारी होत्या. बायकांचा भाजलेल्यांचा वॉर्ड. तिथे कुणाच्या अंगावर कपडा नाही. अंगाला काही लागू नये म्हणून खाटेवर लोखंडी कमान, त्यावर चादर. पोलीस आले, आम्हाला वेगवेगळं विचारून गेले. दोघींनी एकच सांगितलं, कारण एकच घडलं होतं. स्टो.

माझी छाती, मान आणि एक दंड भाजला होता. ती बरीच भाजली होती. किती ते डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला सांगितलं, मला कुणी सांगितलं नाही. मला दिसत होतं.

"ताई, चादर वर ओढ गं. डॉक्टर येतायत."

"माझा हात पोचत नाही. आणि डॉक्टरांना काय नवीन आहे?"

"त्यांना नसेल. मला आहे."

नर्सला हाक मारून मी चादर सारखी करायला लावली. मग धाकटी म्हणाली, "तुझं पोलकं सगळ्यांच्या देखत फाडलं ना आईंनी?"

"हो."

"कोणी बघितलं?"

"कोणी नाही. सगळे भिंतीकडे तोंड करून उभे होते, शाळेत शिक्षा केल्यासारखे."

तिला हसू आलं. हसताना तिला दुखत होतं, तरी ती हसली. "कमिटीवालासुद्धा?"

"तो तर सगळ्यात पुढे."

"बघायला हवं होतं मी," ती म्हणाली. "आता आपल्याला पोलकं घालायला मिळणार नाही गं कितीतरी दिवस. टोचेल. बसू दोघी आईंच्या बाजूला ओट्यावर. येऊ दे कमिटी."

"बसू."

"तू आधी बस. मी मग बसेन, सवय झाल्यावर."

त्याच आठवड्यात ती गेली. सकाळी तिच्या खाटेवरची कमान काढलेली दिसली.

मी घरी आले तेव्हा उन्हाळा होता. पोलकं घालायचा प्रश्नच नव्हता. जुन्या मलमलच्या साडीचा तुकडा नुसता अंगावर टाकायचा आणि खोलीत पत्रा तापला की ओट्यावर येऊन बसायचं, सासूच्या शेजारी. शेजारच्या खोलीत एक मल्याळी बाई राहायची. ती नर्स होती, ड्युटीवरून आली की माझं ड्रेसिंग बदलायची. एकदा तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "माझी आजीची आई छाती झाकली म्हणून मार खाल्ली. आमच्या गावात खालच्या जातीला झाकायला परमिशन नाय. मोठा माणूस समोर आला की अंगावरचं काढायचं."

सासूने तोंडातलं पान बाजूला केलं. "म्हणजे तुमका काढ म्हणत आणि आमका झाक म्हणतत. सांगणारे दोनीकडे दादलेच मां?"

धाकटी असती तर तिने यावर काहीतरी जोडलं असतं. मी तिच्या जागेकडे बघितलं. तिथे तांदूळ पाखडायचं सूप उभं करून ठेवलेलं होतं.

त्या उन्हाळ्यात मला कुणी काही बोललं नाही. कमिटीवाला जाताना मान खाली घालून जायचा. एक शेजारीण चांगल्या मनानेच म्हणाली, "तुझं आता काय गं, भाजलेलं अंग. कुणाला काय वाटणार?" म्हणजे अंग चांगलं असतं तर वाटलं असतं. मी तिला म्हटलं, "मला वाटतं ना. मला वारा लागतो, बरं वाटतं." ते खरंही होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी माणसांत उघडी बसले होते आणि काहीही झालं नव्हतं. संध्याकाळी कामावरून येऊन पुरुष उघड्या अंगाने ओट्यावर बसायचे, त्यांच्या पाठीला जो वारा लागायचा तोच मला लागायचा. इतका साधा होता तो वारा. एवढ्यासाठी कडी लावायची गरज नव्हती हे तिला सांगायला ती तिथे पाहिजे होती. मला रोज वाटायचं, आता येईल, माझ्या शेजारी बसेल, पदर चारदा सारखा करेल, इकडेतिकडे बघेल आणि म्हणेल, "ताई, कुणीच बघत नाही गं." अजून वाटतं. मी म्हातारी झाले, तरी माझ्या डोक्यात ती तेवढीच आहे. तिला ओट्यावर बसायचं होतं आणि ती बसली नाही, एवढंच मनात अडकून राहिलं आहे.

नवरा या विषयावर बोलत नसे. एकदाच म्हणाला, "मी वळलो नसतो तर ती दिसली असती."

"तुम्ही वळला नसता तर ती तुम्हाला बघून आणखी जोरात पळाली असती," मी म्हटलं. त्याचं समाधान करायला म्हटलं नाही. तसंच झालं असतं. त्या दिवशी कुणी कुठे तोंड करून उभं राहायला हवं होतं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. तिने कडी लावायला नको होती, एवढं मला माहीत आहे. आणि कडी लावू नकोस असं तिला आयुष्यात कुणीच सांगितलं नव्हतं, हेही माहीत आहे. मीही नाही. मला तरी कुणी सांगितलं होतं? मी माझे हात घट्ट धरूनच होते. सासूच्या अंगात जोर जास्त होता.

जखमा भरल्या तशी मी परत पोलकं घालायला लागले. मुलीचं लग्न ठरवायचं होतं, पाव्हणे येणार होते. दिराने पुढे दुसरं लग्न केलं आणि तो मुलुंडला राहायला गेला. सासू शेवटपर्यंत तशीच, उघड्या खांद्यांनी बसली आणि म्हातारपणाने गेली.

त्या रविवारी स्टोपाशी आम्ही दोघी बसलो होतो. जगले ती मी.